तान्ह्या पोळ्याची कार्डं आणि बोजाऱ्याची पाकिटं (कामाच्या नोंदी)

२८ जून

कागद कापायचं डाय-कटिंग मशीन आलं एकदाचं. नागपूरच्या एका ताईकडून सेकंडहँड घेतलं, हँडल फिरवायचं, सहा इंची तोंडाचं, सोबत दोन प्लेटा, एक जाड प्लॅटफॉर्म आणि गोल-लंबगोल डायचे (कागद कापायच्या धारदार साच्यांचे) दोन सेट. लाइटवर चालणारं घ्यायचंच नव्हतं, आमच्या गावात दुपारी लाइट असली तर ती बातमी होते. हिंगणघाटच्या स्टेशनरीवाल्या भाऊंनी ऑर्डर दिली आहे, पोळ्याच्या आठ दिवस आधी ४० कार्डं आणि ६० बोजाऱ्याची पाकिटं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा, लहान लेकरं लाकडाचा बैल सजवून घरोघरी नेतात आणि लोकं त्यांना पैसे-खाऊ देतात तो बोजारा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात.

कार्डावर काय लिहायचं ते आधीच ठरलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकताना त्याला म्हणतात ना, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या", तेच. याच्यापेक्षा चांगला निमंत्रणाचा मजकूर मला तरी सुचला नसता. रबरी शिक्का बनवायला टाकला.

१ जुलै

बैलाचा डाय बाजारात नाही. ऑनलाइन पाहिलं तर हरणं आहेत, बर्फाचं फूल आहे, गुलाब तर ढिगानं, पण वशिंडवाला बैल कोणालाच नको वाटते. नागपूरला पॅकिंगच्या डब्यांचे डाय बनवणाऱ्याला फोन केला, तो म्हणे बनवून देतो, पण ते डाय म्हणजे प्लायवूडमध्ये पोलादी पट्टी ठोकलेले, पट्टीची उंचीच २३.८ मिलिमीटर, माझ्या मशीनच्या तोंडात ते घुसणारच नाहीत. आणि शिंगाच्या टोकासारखी बारीक वळणं त्या पट्टीला नीट घेता पण येत नाहीत. मग ठरवलं की आहे त्या गोल आणि लंबगोलातूनच बैल काढायचा. समोरून दिसणारं तोंड, कान, शिंगं, बाशिंग. अख्खा बैल काढायच्या भानगडीत पडायचंच नाही.

३ जुलै

पहिली ट्रायल. थर असा लावायचा: खाली प्लॅटफॉर्म, त्यावर एक प्लेट, त्यावर डाय धार वर करून, डायवर कागद, वरून दुसरी प्लेट, आणि हे सगळं दोन रोलरच्या मधून हँडलनं काढायचं. धार कागदातून आरपार जाऊन वरच्या प्लेटीत जराशी रुतते आणि कागद कापला जातो. म्हणून प्लेटीवर चरे पडतात, ते पडणारच, त्याचं टेन्शन घ्यायचं नाही.

वहिनीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांवर पहिला गोल काढला, एकदम सफाईदार, बोट फिरवलं तरी काठ लागत नाही. मग हातकागद लावला आणि सगळा उत्साह उतरला. गोल सुटलाच नाही, अर्धा कापला अर्धा लोंबकळत राहिला, ओढून काढला तर काठाला कापसाच्या वातीसारखं बोंड आलं.

आई म्हणाली, पत्रिकेचाच कागद घे ना मग. पण हातकागद मीच ठरवला आहे आणि ते सोडायचं नाही.

६ जुलै

हातकागदाबद्दल लिहून ठेवते. वर्ध्याहून आणला, होजिअरीच्या चिंध्यांपासून बनवलेला. वर्ध्यात हे काम नवं नाही, १९३४ मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथं मगनवाडीत बसायचे, तेव्हापासून घाण्याच्या तेलासोबत हातकागदावर पण काम झालं तिथं. आणि आमच्या चारही बाजूनं पऱ्हाटी. कापसाच्या गावात कापसाच्या कागदावरच बैल काढावा असं मला वाटते, बाकी काही मोठं कारण नाही.

पण हा कागद कापायला अवघड का ते आता समजून राहिलं. लाकडाच्या लगद्याच्या कागदातले धागे आखूड, धार लागली की तुटतात. कापसाचे धागे लांब आणि चिवट, धार त्यांना दाबते, ते वाकतात आणि तुटायच्या ऐवजी ओढले जातात. दुसरं म्हणजे हातानं उचललेल्या तावाची जाडी सगळीकडे सारखी नसते. गठ्ठ्यावर २५० जीएसएम लिहिलं होतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन २५० ग्रॅम. वहिनीच्या केकच्या काट्यावर मोजून पाहिलं, सोपं आहे, ए-फोरचे १६ कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर, म्हणून ४ कागदांचं वजन गुणिले ४. एका चौकडीचं आलं ६६ ग्रॅम, म्हणजे २६४. दुसरीचं ५८, म्हणजे २३२. एकाच गठ्ठ्यातले! म्हणजे एका कागदाला बसवलेला दाब दुसऱ्याला पुरणारच नाही. सगळे कागद मोजून दोन गठ्ठे केले, जाड आणि पातळ, कोपऱ्यावर पेन्सिलनं जा आणि पा.

९ जुलै

झड लागली. तीन दिवस झाले सूर्य नाही, सपरीत पाणी, शेतात डवरणी बंद, आणि कागद पापडाच्या पिठासारखा लिबलिबीत. काल जो जाड कागद बऱ्यापैकी कापला जात होता तो आज नुसता दबून राहिला, डायचा छाप उठतो पण कापत नाही. कापूसच तो, ओल पिणारच.

उपाय सापडला, इस्त्री. खाली सुती साडीची घडी, कागद, वरून पातळ धोतर, कोरडी इस्त्री मध्यम गरम. कागद कोमट असतानाच मशीनमध्ये घालायचा, फरक लगेच दिसते. अडचण एकच, लाइट असली तर इस्त्री. म्हणून लाइट आली की पंचवीस-तीस कागदं एकदम इस्त्री करून, थंड होऊ देऊन, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात बंद करते आणि लागेल तसा एकेक काढते. आई त्या डब्यात दिवाळीच्या करंज्या ठेवते, तिला अजून सांगितलं नाही.

१३ जुलै

आजची नोंद लिहायची इच्छा नाही पण लिहिते. पातळ कागद कापला जात नव्हता म्हणून प्लेटीखाली भर टाकली, आधी बिस्किटाच्या पुड्याच्या खोक्याचा एक तुकडा, मग दोन, मग रागारागात चार. हँडल अर्ध्यावर अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. दादूला बोलावलं, त्यानं दोन्ही हातानं जोर लावला, आणि कट्ट असा आवाज आला. वरची प्लेट कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडकली. चूक पूर्ण माझी, मशीनचा काही दोष नाही.

नवी प्लेट मागवली, यायला आठवडा. तोवर लक्षात आलं की उरलेली प्लेट पण केळाच्या सालीसारखी वाकली आहे, कारण मी रोज एकाच बाजूनं वापरत होते. दर वेळेस उलटवायची असते आणि पुढची बाजू मागे फिरवायची असते, म्हणजे वाक परत सरळ होत राहतो. हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२० जुलै

आज मोठे बाबा आले होते. मोठ्या बाबांनी हिंगणघाटच्या प्रेसमध्ये तीस वर्षं ट्रेडल (जुनं छापाई मशीन) चालवली, खिळे (छापायची सुटी अक्षरं) जुळवण्यापासून लग्नपत्रिकेच्या पंचिंगपर्यंत सगळं. आता डोळ्याला कमी दिसते पण बोटं अजून तशीच आहेत. खाटेवर बसून पाच मिनिटं नुसते पाहत राहिले.

"काय करून राहिली वं पोरी? कागद कापून राहिली का कागदासंग कुस्ती खेळून राहिली?"

म्हणलं, मोठे बाबा, दाब कमी पडते.

"दाब कमी नाई पडून राहिला. एका जागी जास्त पडून राहिला, एका जागी पडूनच नाई राहिला. कार्बन हाय का घरात?"

कार्बन दादूच्या जुन्या पावतीपुस्तकात सापडला. त्यांनी काय केलं ते नीट लिहून ठेवते कारण मला हे कोणत्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. आधी सगळी भर काढून टाकली, म्हणजे डाय कापणार नाही, नुसता टेकेल. मग डायवर कार्बन, त्यावर पांढरा कागद, आणि हलक्या हातानं एक फेरी. कागद काढून पाहिला तर गोलाची रेष एकीकडे काळीभोर, उजवीकडे फिक्की, आणि खालच्या बाजूला दोन बोटं जागा अशी की रेषच नाही. ते म्हणाले, हे पाय, इथं तुही प्लेट बसली हाय.

मग पतंगीचा कागद मागितला. तो पण निघाला, संक्रांतीचा. एका साध्या कागदावर पेन्सिलनं डायची जागा आखली आणि जिथं रेष फिक्की तिथं पतंगीचा एक थर, जिथं रेषच नाही तिथं दोन, खळीनं चिटकवले. मी कात्रीनं तुकडा कापायला गेले तर माझ्या हातातून घेतला. "कात्री नाई लावाची. फाडाचा. कापला का त्याचा काठ उभा राहते आन तो काठबी छापात उठते. फाडला का कड पातळ होत जाते." दोन थर चढवायचे तर मोठा तुकडा वर आणि छोटा खाली, म्हणजे पायरी पडत नाही. हा ठिगळाचा कागद प्लॅटफॉर्म आणि खालच्या प्लेटीच्या मधे. कोपऱ्यावर बाण काढायला लावला आणि प्लेट कोणत्या तोंडानं घालायची ते पण लिहायला लावलं, नाहीतर ठिगळ एकीकडे आणि खड्डा दुसरीकडे.

खोक्याचा फक्त एक तुकडा भर म्हणून ठेवला आणि हातकागद लावून हँडल फिरवलं. लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. गोल आपोआप खाली पडला, काठाला एक धागा नाही.

प्रेसमध्ये याला मेकरेडी म्हणायचे. फॉर्म, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, बसवला की छापाईला एक तास आणि मेकरेडीला तीन तास, आणि मालकाला वाटायचं माणूस टाइमपास करून राहिला. चपलांचे तळ कापणारे पण असंच करतात म्हणे, फक्त त्यांचा डाय जाड आणि मार मोठा.

एक गोष्ट अजून सांगितली त्यांनी, डाय सरळ ठेवायचा नाही, जरा तिरपा ठेवायचा. सरळ धारेची अख्खी लांबी रोलरखाली एकदम आली तर झटका बसतो, तिरपी असली तर धार टप्प्याटप्प्यानं रोलरखाली येते. आता चौकोनी डाय लावते तेव्हा कोपरा पुढे.

२३ जुलै

नवी प्लेट आली. जुनं ठिगळ नव्या प्लेटीला चालत नाही, परत कार्बन, परत पतंगी. अर्धा दिवस गेला, पण आता हात बसला.

२६ जुलै

शिंगं! यासाठी चार दिवस डोकं खाजवलं आणि उत्तर चंद्रकोरीत निघालं. ५० मिलिमीटरच्या डायनं सोनेरी कागदाचा गोल काढायचा. मग तोच डाय त्याच गोलावर ९ मिलिमीटर वर सरकवून ठेवायचा आणि परत कापायचं. खाली उरते ती चंद्रकोर, मध्ये ९ मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकं वर निमुळती होत गेलेली. म्हणजे एका कोरीत दोन्ही शिंगं, जोडायची भानगड नाही. आपल्या गावरान बैलासारखी, वर उचललेली. डाय सरकू नये म्हणून कागदी टेप लावायचा, पण नवा टेप कागदाचा पापुद्रा काढते, म्हणून आधी तो दोन-तीनदा ओढणीवर चिटकवून त्याचा चिकटपणा मारायचा.

दुसऱ्यांदा कापताना जो मधला तुकडा निघते तो दोन्हीकडे किंचित टोकदार, त्याला आडवा दुमडला की बैलाच्या पाठीवरच्या झुलीसारखा दिसते. तो पाकिटावर वापरणार. सोनेरी कागद बेगडीसारखा चमकावा म्हणून घेतला होता, पण तो फक्त १५० जीएसएमचा आहे, त्याला वेगळी भर लागते. हेही ठिगळाच्या कागदावर लिहून ठेवलं.

२९ जुलै

कार्डाच्या घडीतून बैलाचं डोकं वर यायला पाहिजे, नुसतं चिटकवलेलं नको. त्यासाठी लंबगोलाचा डाय अर्धाच कापायचा. कार्ड उघडं ठेवायचं, घडीच्या रेषेवर डाय असा ठेवायचा की त्याची वरची कमान रेषेच्या १८ मिलिमीटर वर जाईल, आणि वरची प्लेट फक्त कमानीवर येईल अशी ठेवायची. जिथं प्लेट नाही तिथं दाब नाही, तिथं कापलं जाणार नाही. मग घडी कमानीच्या डावी-उजवीकडेच पाडायची, आणि कार्ड दुमडलं की कमान आपोआप उभी राहते.

प्लेटीचा काठ जिथं संपतो तिथं मात्र कागदावर आडवा वळ उठतो. पहिल्या तीन कार्डांवर तो बैलाच्या कपाळावर बरोबर आला, कुंकू पुसल्यासारखा. आता प्लेट रेषेच्या दोन मिलिमीटर आधी थांबवते आणि ते दोन मिलिमीटर ब्लेडनं कापते. घडीसाठी संपलेल्या रिफीलचं टोक आणि स्टीलची पट्टी. मशीनवर बनलेल्या कागदाला घडी धाग्याच्या दिशेनं पाडावी लागते नाहीतर फाटते, हातकागदाला अशी ठळक दिशा नसते, कशीही पाडा. एवढा एक त्रास त्यानं वाचवला.

३० जुलै

कपाळावर हात मारला. ए-फोर अर्धा करून दुमडला की कार्ड १४८ बाय १०५ मिलिमीटर. त्यावर कमान आणि शिंगं मिळून ३० वर. म्हणजे उंची १३५. पाकीट आणलं ते १६२ बाय ११४. बैलाची शिंगं पाकिटाबाहेर!

भाऊंना विचारलं, पाकीट नको का, तर म्हणे पाकिटाशिवाय गिऱ्हाईक कार्डाले हात लावत नाई. मग कार्डच ठेंगणं केलं, १४८ बाय १६० कापून घडी ८० वर. ८० आणि ३० म्हणजे ११०, पाकिटात चार मिलिमीटर मोकळी. उरलेल्या ५० मिलिमीटरच्या पट्टीतून कान आणि बाशिंग निघतात, म्हणजे एका ए-फोरमध्ये दोन कार्डं आणि कचरा जवळपास शून्य. आधी पाकीट मग कार्ड, हे वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

४ ऑगस्ट

बोजाऱ्याची पाकिटं, पातळ हातकागद, १२० जीएसएमचा. माप नोटेवरून काढलं. दहाची नोट १२३ बाय ६३, पन्नासची १३५ बाय ६६, शंभरची १४२ बाय ६६. शंभर कोण देते बोजाऱ्यात, पण मामा लोकं देतात कधीकधी, म्हणून पाकीट १५० बाय ७५. उलगडून १८० रुंद होते ते, मशीनच्या तोंडात जात नाही, पण दोन्ही बाजूच्या १५-१५ च्या पट्ट्या आधीच आत दुमडल्या की १५० उरते आणि मावते, अगदी घासून. पुढच्या बाजूला ३२ मिलिमीटरची गोल खिडकी, आतून बटर पेपर. मागे चिटकवायच्या आधी खिडकी कापायची, नाहीतर आरपार दोन खिडक्या, हे पण करून पाहिलं एकदा!

बाशिंगाचा नक्षीचा डाय बारीक आहे, कागद त्यात अडकून बसते. डाय आणि कागदाच्या मधे बटर पेपर घातला की पटकन सुटते, उरलेले कण मागच्या भोकातून सुईनं.

फेविकॉलनं कान चिटकवले तर पाण्यानं ते वाळलेल्या पानासारखे वळले. आता कान-बाशिंगाच्या कागदाला मागून अख्खी दोन बाजूंची टेप लावूनच कापते, निघते ते थेट स्टिकर. महाग पडते पण वळत नाही.

१२ ऑगस्ट

४० कार्डं पूर्ण, ५७ पाकिटं. बटर पेपर संपला, गावातल्या किराण्यात मिळत नाही. शेवटच्या १४ पाकिटांच्या खिडक्या तशाच उघड्या ठेवल्या. उरलेली तीन उद्या. वेसण मात्र सगळ्या कार्डांना हातानं ओवली, लाल दोऱ्याची, त्याला डाय नाही आणि नको पण.

खिडक्यांचे गोल आणि बाकी तुकडे छकुलीनं गोळा करून ठेवले आहेत, तिच्या लाकडी बैलाला घुंगरमाळ करते म्हणते.

१४ ऑगस्ट

माल पोचवला. भाऊंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, म्हणे बाई छान हाय पण याले थोडी चमकी लावली असती तर. मी काही बोलले नाही. त्यांनी पैसे मोजायच्या आतच एका बाईनं दोन कार्डं उचलली. बंद खिडकीची पाकिटंच दिली भाऊंना, उघड्या खिडकीची १४ घरी ठेवली आणि त्यांच्या जागी कमी पैसे घेतले.

मोठ्या बाबांना एक कार्ड नेऊन दिलं. त्यांनी बैल पाहिला नाही आधी, काठावरून अंगठा फिरवला.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

सकाळपासून लेकरांची रांग. आम्ही घरच्याच त्या १४ पाकिटांत बोजारा देऊन राहिलो होतो. वहिनीनं नोटा संपल्यावर दहा-दहाचे ठोकळे, म्हणजे नाणी, घातले. पहिलंच लेकरू फाटकापर्यंत गेलं आणि ठोकळा खिडकीतून टुणकन खाली, नालीत. दहाचा ठोकळा २७ मिलिमीटर, खिडकी ३२. दादूनं चिमट्यानं काढून दिला. नंतर सगळ्यांना सांगत होतो, बोट लावून धर रे बाबू, बोट लावून धर.

२० चा डाय आहे सेटमध्ये. पुढच्या वर्षी तोच.